तसेच गेलेल्यांची यादी

पहिली तक्रार आबासाहेबांनी आणली, आणि ती नुसती तोंडी नव्हती, पुराव्याला मोबाईल होता. शनी अमावस्येचा दिवस, सकाळचे नऊ वाजलेले. शिंगणापुरात गाड्यांची अशी दाटी झालेली की घोडेगावच्या बाजारातून सुटलेली एक म्हैस गाड्यांच्या टपांवरूनच चालत गोठ्यात आली आणि उन्हामुळे तिचं दूध धारेलाच दही होऊन पडलं, असं लोक सांगतात. लोक सांगतात म्हणजे मीच सांगतो, पण लोक ऐकतात. तर अशा गर्दीतून मागच्या गल्लीतले आबासाहेब वाट काढत आले, गहिनीनाथ अण्णांच्या ओट्यावर टेकले आणि फोन अण्णांच्या नाकासमोर धरून म्हणाले,

"गहिनी, तुझा येसर माझ्या मागं लागलाय."

"मागं लागलाय म्हंजी?"

"म्हंजी मागं लागलाय! सोमवारी तुझ्या नातीची ती वेबसाईट उघडली. आपली सहज. घ्यायचा न्हवताच, आमच्या घरी असतोच की येसर. तवापास्नं जाईल तिथं हाय. कुस्ती लावली, येसर. पाऊसपानी बघाय गेलो, येसर. काल व्याह्यांच्या दहाव्याचा फोटो आला, हात जोडले, खाली बघतो तर येसर! आन् वर लिहिलंय, घरी येऊन तसंच गेलात? आरं मी गेलो कुठं? मी तुझ्या घरामागं ऱ्हातो!"

अंगणात चुलवणावर मोठी कढई चढली होती. अण्णांच्या पत्नी पुष्पावती धने भाजत बसल्या होत्या. लग्नाच्या पंगतीत भाताबरोबर जी येसर आमटी वाढतात, तिचं हे पीठ. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरची, दगडफूल, सगळं खमंग भाजून दळायचं. आबासाहेबांचं ऐकून पुष्पावतींनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. अण्णा मात्र हसले नाहीत.

त्यांच्या घराला गावातल्या इतर घरांसारखी चौकट होती, कवाड नव्हतं. पडदा होता, आणि कुत्री आत शिरू नयेत म्हणून उंबऱ्याला आडवी टेकवलेली फळी. त्र्याहत्तर वर्षांत अण्णांनी या घरात आलेल्याला कशाला आलास म्हणून विचारलं नव्हतं. विचारायचे ते फक्त जेवल्याशिवाय निघालेल्याला, आणि एकच: "आलात आन् तसंच चाललात?" एकदा भर दुपारी एक परमुलखातला चोर तांब्याची घागर उचलून निघाला होता. अण्णांनी अर्ध्या झोपेत त्यालाही तेच विचारलं. चोराने घागर खाली ठेवली, येसर आमटीबरोबर सात भाकरी खाल्ल्या, आणि पुढं मरेपर्यंत दर संक्रांतीला वांगी पाठवली. वांगी कुणाच्या शेतातली, हे अण्णांनी त्यालाही विचारलं नाही.

"दिशे!" अण्णांनी हाक मारली. "तुजा तो लॅपटॉप घिऊन भाईर ये."

दिशा आली. चोवीस वर्षांची नात, नगरला कॉमर्स शिकून परत आलेली. दोन वर्षांपूर्वी तिनेच 'रतनबाईचा येसर' नावाची वेबसाईट काढली होती. रतनबाई म्हणजे अण्णांची आई, आणि येसर तिच्या मापाचा. आईवडील सकाळपासून देवळाजवळच्या दुकानावर होते, त्यामुळे आज घरात दिशाच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. थोरला भाऊ समर्थ होता, पण तो नागापूरच्या कारखान्यात लेथवर काम करायचा आणि शनिवारी घरी आला की बहिणीचं काय चुकलं तेवढं बघायचा.

दिशाने लॅपटॉप गव्हाच्या पोत्यावर ठेवला. हे कधीतरी सांगावं लागणार, हे तिला माहीत होतं. आबासाहेबांच्या समोर सांगावं लागेल, हे माहीत नव्हतं.

"अण्णा, त्याला पिक्सेल म्हणतात. एवढुसा ठिपका. वेबसाईटच्या पानात असतो, दिसत नाही. कुणी पान उघडलं की तो फेसबुकला कळवतो, हा फोन आपल्याकडं येऊन गेला. मग त्या फोनला आपली जाहिरात दिसते."

"दिसत न्हाई?"

"नाही."

"लपून बसतो आन् कोन आलं ते कळवतो?"

"हो, पण..."

"खबऱ्या हाय मग तो."

"आता कसं!" आबासाहेब म्हणाले.

"मी तर पहिल्यापासून सांगत होतो," समर्थ म्हणाला. त्याने पहिल्यापासून काहीही सांगितलं नव्हतं.

दिशा खाली बसली. "ऐका तरी. पहिल्या वर्षी आपण जाहिरात सगळ्यांना दाखवली. दिसेल त्याला. कॉलेजच्या पोरांना, ज्यांना येसर खातात का लावतात तेही माहीत नाही. एकीनं मेसेज केला होता, चेहऱ्याला रोज लावायचा का एक दिवसाआड. महिन्याला पाकिटं जायची आठ. आठ, अण्णा! मग ठिपका बसवला. तेव्हा कळलं की शंभर जण आले तर साठ-सत्तर जण कृतीच्या पानावर थांबतात. म्हणजे त्यांना येसर माहीत आहे, करता येत नाही. पुणं, पिंपरी, नाशिक. चाळिशीच्या पुढच्या बायका. गावं सुटलेल्या. मग मी सगळ्यांना दाखवायचं बंद केलं. जे आपल्याकडं येऊन काही न घेता गेले, त्यांनाच दाखवते. आणि त्यांच्यासारख्या दिसतील त्यांना. आता रोज दहा पाकिटं जातात. आज्जीच्या कढईला सुट्टी नाही."

"सुट्टी मागितली कुनी?" पुष्पावती उलथनं न थांबवता म्हणाल्या. "पोरगी बरुबर सांगती. आबासाहेब, तुमाला येसर नको व्हता तर गेलात कशाला बघाय?"

"मी शेजारधर्म म्हणून..."

"मग शेजारधर्म म्हणून एक पाकीट घ्या. पाठ सुटंल."

आबासाहेब फोनात बघू लागले. दिशाला जरा बळ आलं. "आणि अण्णा, हे बघा. श्रीरामपूरकडचं एक गिऱ्हाईक आहे. नाव कळत नाही, गावही अंदाजेच कळतं. पण एकच फोन, रोज दुपारी येतो. पणजीचा फोटो आहे ना, त्या पानावर थांबतो, चार-पाच मिनिटं. मग जातो. आज एक्केचाळीस दिवस झाले. एवढं मन झालेलं गिऱ्हाईक सोडायचं का? असे सारखे येणाऱ्यांची वेगळी यादी केलीय, तिला आठ दिवस रोज जाहिरात पाठवतेय. आज ना उद्या घेणार बघा."

अण्णांनी लॅपटॉपकडे पाहिलं. तिथं नुसत्या निळ्या उभ्या रेघा होत्या, बाजरीच्या ताटांसारख्या.

"दिशे, हे घर बिनकवाडाचं हाय. लोकं हितं विश्वासानं येत्यात. तू त्या विश्वासात मानूस लपवून बसवलास. बिचारं कोन येऊन फोटू बघून जातंय, बघू दे की! त्याच्या मागं कशाला लागायचं?" ते उठले. "सांजच्या आत तो ठिपका काढायचा."

"काढला तर परत आठ पाकिटांवर येऊ."

"यिऊ."

दिशाने लॅपटॉप मिटला. ती आत गेली नाही, रडली नाही. आजीशेजारी बसून तिने दगडफुलाची टोपली ओढली आणि निवडायला घेतली. काळ्या-करड्या पापुद्र्यांत खडा शोधताना खाली बघावंच लागतं, ही त्या कामाची सोय.

*

साळूबाई श्रीरामपूरजवळच्या बेलापूरहून दोन गाड्या बदलून आल्या. तिसरी मिळाली नाही म्हणून शेवटचे दोन मैल लोकांच्या लोंढ्याबरोबर पायी. अडुसष्टाव्या वर्षी एवढं चालल्यावर माणसाने दमायला पाहिजे होतं, पण त्यांनी सकाळी ट्रंकेतून काढलेलं नवं लुगडं घातलं होतं, आणि नव्या लुगड्यात दमलेलं त्यांना आवडायचं नाही.

बारा वर्षांनी त्या भावाच्या घरासमोर उभ्या होत्या. चौकट तीच. फळी नवी.

मोबाईल त्यांना नातवाने दिला होता, पुण्याला जाताना, जुना. त्यात कीर्तनं ऐकायची एवढंच ठरलेलं. मग कुणीतरी कुणाला पाठवलेलं असं फिरत फिरत ते पान त्यांच्याकडे आलं आणि उघडलं तर आई. उखळापाशी उभी, कासोटा खोचलेला, मुसळ हातात, आणि हसतेय. पुढचा एक दात नाही. साळूबाईंकडे आईचा एकही फोटो नव्हता. तेराव्याच्या पंगतीतून उठून गेलेल्या बाईला फोटो कोण देणार? त्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की त्या चष्मा लावायच्या आणि आईला भेटून यायच्या. चार-पाच मिनिटं. जास्त थांबलं की डोळ्यांना पाणी यायचं, ते मोबाईलच्या उजेडाने, असं त्या शेजारणीला सांगायच्या.

आणि आठ दिवसांपूर्वी चिठ्ठी आली.

अण्णा ओट्यावर पान लावत होते. त्यांनी वर पाहिलं. चुन्याचं बोट तसंच राहिलं.

"दादा," साळूबाई फळीच्या बाहेरून म्हणाल्या, "आले रं बाबा. आठ दिस रोज एकच चिठ्ठी धाडतोस व्हय? एकदा धाडली असती तरी कळलं असतं मला. परवा कीर्तन ऐकत हुते, महाराज ऐन रंगात, आन् मधीच तू! घरी येऊन तसंच गेलात, आमच्या घराला दार न्हाई, कधीबी या. खाली आईचा फोटू. मी म्हटलं, बारा वर्सं गप बसला ह्यो गडी, आन् आता ह्याला दमच निघंना."

त्या हसल्या. हसताना पुढच्या दाताची फट दिसली, अगदी फोटोतल्यासारखी.

कढईत धने तडतडत राहिले. दिशाच्या हातातलं दगडफूल टोपलीबाहेर सांडलं. श्रीरामपूरकडचं गिऱ्हाईक. दुपारी येणारं. फोटोपाशी थांबणारं. तिने त्या फोनला 'आज ना उद्या घेणार' म्हणून धरलं होतं. त्याला काय पाहिजे होतं ते कुठल्याच पाकिटात मावणारं नव्हतं.

पुष्पावती उठल्या. बारा वर्षांपूर्वीचा तो दिवस त्यांना पाठ होता, कारण त्या दिवशीची आमटी त्यांनी केली होती. सासूचं तेरावं, चारशे पान. साळूबाईंनी पहिला भुरका घेतला आणि भर पंगतीत म्हणाल्या, "आईच्या हातची न्हाई ही. दगडफूल जास्ती झालंय, कडू लागतंय." पुष्पावती पदरात तोंड घालून रडल्या. ते बघून अण्णा बहिणीला म्हणाले, नको असंल तर ऊठ. ती उठली. चौकटीत थांबून म्हणाली, आता बोलावल्याबिगर या घरात पाऊल ठेवणार न्हाई. आणि अण्णा म्हणाले, आमच्या घराला दारच न्हाई, हितं बोलवायची पद्धत न्हाई. दोघांचंही खरं होतं. दोघंही बारा वर्षं आपापल्या खऱ्याला धरून बसले.

"वन्सं, आत या," पुष्पावती तांब्या घेऊन पुढं आल्या. "उनातनं आलात."

"येते वैनी. पर त्याला म्हनू दे. लिहून बोलावलंस दादा, आता एकदा तोंडानं म्हन. म्हंजी मी फळी सरकवते."

अण्णांचा ओठ हलला. दोन अक्षरांचाही शब्द नव्हता तो. पण बारा वर्षं न वापरलेल्या नळासारखं झालं, आधी नुसता आवाज येतो. त्यात त्यांना कळतच नव्हतं की आपण चिठ्ठी लिहिली कधी. त्यांनी दिशाकडे पाहिलं.

आणि तेवढ्यात समर्थ बोलला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. कारखान्यात चूक दिसली की मशीन बंद करायचं, एवढंच त्याला शिकवलेलं.

"आत्याआजी, ते अण्णांनी नाही पाठवलं. जाहिरात आहे ती येसराची. दिशानं ठिपका बसवलाय, वेबसाईट बघितली की आपोआप येते. दोन हजार लोकांना गेलीय."

"समर्थ!" दिशा ओरडली.

"दोन हजार?" साळूबाई म्हणाल्या.

"आबासाहेबांनाबी आलीय की."

साळूबाईंनी हातातला मोबाईल उलटा केला आणि त्याची पाठ बघितली, जणू खरं पाठवणाऱ्याचं नाव तिथं असेल. कान तापले होते. आपण नवं लुगडं काढलं हे त्यांना फार आठवायला लागलं. शेजारणीला सांगून आलो होतो, दादानं बोलावलंय म्हणून. सगळ्या आळीला.

"आबासाहेबालाबी आली व्हय," त्या म्हणाल्या. "मग बरुबर हाय. मशीनला काय कळतंय कुनाला धाडायची." त्यांनी पिशवी उचलली. "असू दे वैनी, पानी नको. अमावस्या हाय, देवाला जाऊन येते. त्याच्यासाठीच आल्ते मी तशी."

आणि त्या वळल्या. ताठ मानेने, हळूहळू. गर्दीने त्यांना जागा करून दिली आणि लगेच मिटून घेतली.

"आता बोला की!" पुष्पावतींनी तांब्या ओट्यावर असा आपटला की आबासाहेब उभे राहिले. "चोराला इचारता, आलात आन् तसंच चाललात. बहिनीला इचारायला जीभ झडती का? आन् मला कशाला मधी घालता? बारा वर्सं माझ्या नावाखाली रुसून बसलाय तुमी. माझं रुसनं दुसऱ्या दिवशीच संपलं हुतं!"

"तुजं संपलं हुतं?"

"दगडफूल जास्तीच हुतं त्या दिशी! दुसऱ्या दिवशी म्या चमचा घिऊन बसले, कमी केलं, चाखलं, आजून कमी केलं. तवापास्नं त्यांच्याच मापानं करती. पाकिटातबी त्यांचंच माप जातंय. पुण्याच्या बाया वा वा करत्यात ती वन्संच्या जिभेला."

अण्णा आ वासून बायकोकडे बघत राहिले. पन्नास वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं, तिच्या आमटीत बहीण विरघळलीय हे त्यांना आज कळत होतं.

दिशाने लॅपटॉप उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. "अण्णा, शब्द तुमचेच आहेत. मी लिहायला बसले तेव्हा दुसरं काही सुचेना. तुम्ही सगळ्यांना म्हणता तेच लिहिलं. आत्याआजीनं म्हणून तर ओळखलं. आणि ह्या रेघा बघा. हा एक दिवस. हा दुसरा. बैलपोळा. गणपती बसले तो दिवस. पितृपंधरवडा, एकही दिवस सोडला नाही. पणजीची तिथी होती ना, त्या दिवशी बघा, ही उंच रेघ. बावीस मिनिटं."

अण्णांनी रेघांवरून बोट फिरवलं. एक्केचाळीस. उसाची पेरं मोजावीत तसे मोजत ते शेवटापर्यंत गेले.

"येवढ्या येळा ती घरी येऊन गेली," ते म्हणाले. "आन् मी हितं ओट्यावर बसून बघत हुतो, कोन येतंय."

मग ते उठले. चप्पल न घालता, चुन्याचं बोट तसंच ठेवून, फळी ओलांडून रस्त्यावर आले आणि त्यांनी हाक मारली.

"साळेऽऽ!"

त्या हाकेचं वर्णन गावात वेगवेगळं करतात. दर्शनाची रांग जागीच थांबली, हे सगळे मान्य करतात. एका बसचा ड्रायव्हर आपल्यालाच थांबवलं समजून थांबला, हे निम्मे मान्य करतात. रांगेतल्या तीन साळूबाया एकदम वळल्या, एक वैजापूरची, एक बीडची, एक कुठली ते कळलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. चौथी वळली नाही. थांबली फक्त.

अण्णा धापा टाकत तिच्यापर्यंत पोचले.

"आलीस आन् तशीच चाललीस?"

"हे तू समद्यांना म्हनतोस," साळूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "दोन हजार लोकांना म्हनतोस. माझ्यासाठी काय वेगळं असंल तर सांग."

अण्णांना गर्दीचे धक्के बसत होते. तीन साळूबाया कान देऊन उभ्या होत्या.

"तुजी जीभ खरी हुती," अण्णा म्हणाले. "दगडफूल जास्ती हुतं. मलाबी कडू लागलं हुतं त्या दिशी. पर मी बोललो न्हाई, तुला उठवलं."

साळूबाई वळल्या.

"आन् आता बोलावतो. ये. घरी चल."

"बोलावतोस?"

"बोलावतोय की!"

"तोंडानं?"

"आगं काय तोंडानं? ह्या तीन बायांनी ऐकलं, इचार त्यास्नी!"

"म्हटलं बाई त्यांनी," वैजापूरची साळूबाई म्हणाली. "जा आता. माझा भाऊ येवढंबी म्हनत न्हाई."

*

आमटी वाढली तेव्हा पुष्पावती स्वतः जेवायला बसल्या नाहीत. वाढून झाल्यावरही पळी हातातच होती. साळूबाईंनी भाकरी कुस्करली, आमटी ओतली, भुरका घेतला. डोळे मिटले. समर्थने घास तोंडाशी थांबवला. त्याला सकाळपासून जेवायचं धाडस होत नव्हतं.

"वैनी."

"काय वन्सं?"

"आजून वाढा."

"तुमच्याच मापाचं हाय वन्सं, त्या दिसापास्नं," म्हणत पुष्पावतींनी वाढलं. इतकं वाढलं की ताटाबाहेर आलं. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, आणि आमटीचा ओघळ मात्र दोघींच्या मधून चालला होता.

"दिशे," अण्णा हात धुताना म्हणाले, "त्या ठिपक्याचं."

दिशाने मान खाली घातली. "काढते अण्णा. संध्याकाळच्या आत."

"काढ म्हनलो न्हाई आता. लपून बसवू नको म्हनतो. पान उघडलं की वरच लिही, आमच्या घराला दार न्हाई, पर कोन आलं ते आमी बघतो, तुमाला चालत नसंल तर सांगा. येईल असं लिहिता?"

"येतं. तशी पट्टी लावतात. नाही म्हणालं की ठिपका त्या माणसाला मोजत नाही."

"मग आधी का न्हाई लावलीस?"

दिशाला उत्तर होतं. पट्टी लावली की कितीतरी लोक नको म्हणतात, यादी छोटी होते. पण ते उत्तर आज तिला तोंडातून काढवेना. "चुकलं," ती म्हणाली.

"आन् आठ दिवसाच्या वर कुनाच्या मागं लागायचं न्हाई. दहाव्या-तेराव्याच्या फोटूखाली तर बिलकुल न्हाई."

"ते माझ्या हातात नाही, अण्णा. जाहिरात कुठं दिसावी ते फेसबुक ठरवतं. आठ दिवसांचं मात्र करता येतं."

"तेवढं तरी कर."

एवढ्यात साळूबाईंच्या मांडीवरचा मोबाईल टुणकन वाजला. नातवाचा मेसेज होता, पोचलीस का म्हणून. त्यांनी चष्मा लावला, बघितला, बोट वर सरकवलं आणि दचकल्या.

"ह्यो बघा! परत आली चिठ्ठी. घरी येऊन तसंच गेलात? आगं बाई, मी हितं जेवाय बसलेय की!"

सगळे हसले, पहिल्यांदा. समर्थ सगळ्यात जोरात, कारण त्याला त्याची फार गरज होती.

"त्याला काय कळतंय आत्याआजी," दिशा म्हणाली. "त्याच्या लेखी तुम्ही अजून तसेच गेलेल्यांच्या यादीत आहात. आले आणि काही न घेता गेले, ती यादी. काही घेतलं की माणूस आपोआप त्यातनं निघतो."

अण्णांचा हात टॉवेलवर थांबला. "मग काढ तिला त्यातनं."

"मला एकेकाला काढता येत नाही. तिथं नावंच नसतात. आत्याआजींनाच काहीतरी घ्यावं लागेल."

"माझ्याच मापाचा येसर मीच घिऊ?" साळूबाई म्हणाल्या, पण मोबाईल पुढं केला. "दाखव कुठं दाबायचं."

दिशाने दाखवलं. अर्धा किलोचं पाकीट. नाव. साळूबाईंनी एकेक अक्षर शोधून नाव टाकलं. मग पुढचा चौकोन आला, आणि त्यांचा अंगठा वरच्या वर राहिला.

"पत्ता मागतंय."

बेलापूरचा पत्ता त्यांना येत होता. सून-मुलगा पुण्याला, नातू पुण्याला, घराला दोन कुलपं. पाकीट आलं तर घ्यायला त्या एकट्याच.

"हितला टाक," अण्णा म्हणाले.

"हितनं मागवून हितंच?"

"मग काय झालं? पाकीट येईपर्यंत थांबावं लागंल तुला, येवढंच."

साळूबाईंनी भावाकडे पाहिलं. मग दिशाला विचारलं, "किती दिस लागत्यात गं यायला?"

दिशाने भिंतीकडे पाहिलं. चार हातांवर फळीवर कालची भरलेली पाकिटं रचून ठेवली होती, पन्नास तरी. पुष्पावती हळूच सरकल्या आणि त्यांच्यासमोर पाठ करून उभ्या राहिल्या.

"चार-पाच दिवस," दिशा म्हणाली. "पण अमावस्येची गर्दी आहे. आठ धरा."

"पंधरा," समर्थ म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो सावरून बसला. "मी स्वतः पाठवणार आहे, आत्याआजी. मला माहीत आहे ना, माझ्या हातून किती उशीर होतो."

साळूबाईंनी पत्ता टाकला. गावाचं नाव, मग गल्ली. दार क्रमांक विचारला होता, तो चौकोन त्यांनी रिकामा सोडला. शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर आई आली, उखळापाशी, हसणारी, आणि खाली एक ओळ, जी दिशाने कधीतरी घाईत लिहिली होती आणि आजवर नीट वाचली नव्हती: घरी आल्याबद्दल आभार.

"माझी पिशवी भाईर ओट्यावरच ऱ्हायली," साळूबाई म्हणाल्या. "आत आना कुनीतरी. गावाला दारं न्हाईत म्हनून काय पिशवी भाईर ठेवायची?"

अण्णा स्वतः उठले आणि आणायला गेले.